ठाण्यातला कागद आणि आपली नक्कल

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, किल्ले, लढाया आठवतात. आज मात्र आपण एका साध्या कागदाचा इतिहास ऐकणार आहोत. पोलीस ठाण्यात लिहिला जाणारा कागद आणि कोर्टात जमा होणारा कागद.

आपल्याकडे हे बोलणं किती वेळा होतं बघा. महामार्गावर कामाला जाताना रिक्षा उलटते, मशीनमध्ये कुणाचं बोट जातं, घरात मारहाण होते, लेकीच्या मागे कुणी लागतं. मग बाई धीर करून पोलिसात जाते. परत आल्यावर शेजारीण विचारते, "काय झालं गं?" ती म्हणते, "साहेबांनी लिहून घेतलं." काय लिहून घेतलं? "ते ठाऊक नाही. अंगठा दिला." नक्कल दिली का? "नक्कल? ती कशाला मागायची?"

ती का मागायची, ते सांगायलाच ही गोष्ट. ही नक्कल कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. ती मिळायला शंभरावर वर्षं लागली आहेत.

जरा मागे जाऊ या. इंग्रज यायच्या आधी आपल्या मुलखात भांडणतंटा झाला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते लोक एकत्र येऊन साक्षीपुरावे ऐकायचे आणि मग महजर किंवा निवाडपत्र लिहिलं जायचं. जिंकणाऱ्याच्या हातात कागद जायचा. हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घ्यायचे, म्हणजे "मी हरलो, पुन्हा हा वाद काढणार नाही" अशी कबुली. ती पद्धत न्यायाची होती असं नाही म्हणायचं मला. त्या सभेत जात बघितली जायची आणि बाईचा आवाज क्वचितच पोहोचायचा. पण एक गोष्ट त्या काळी सगळ्यांना कळत होती, की निवाडा झाला तर त्याचा कागद पक्षकाराच्या घरात असला पाहिजे. वतनदार घराण्यांनी असे कागद पिढ्यान् पिढ्या पेटीत जपले. पुढे वाद उभा राहिला की तोच कागद बाहेर निघायचा.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांनी नवी कोर्टं बसवली, नवे कायदे केले. १८६१ मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी फौजदारी कामाचा पहिला कायदा झाला. त्यात एक कलम आलं, की ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे कुणी तक्रार घेऊन आलं तर ती लेखी घ्यायची आणि तिचा मतलब ठाण्याच्या डायरीत नोंदवायचा. आपण ज्याला आज एफआयआर किंवा फिर्याद म्हणतो, त्याची सुरुवात इथं झाली.

पुढे १८९८ चा कायदा आला. तक्रार लिहून घ्या, ती तक्रारदाराला वाचून दाखवा, त्याची सही घ्या आणि वहीत नोंद करा, असं त्यात होतं. नीट ऐका बरं. वाचून दाखवा म्हटलंय, सही घ्या म्हटलंय. त्याची एक प्रत तक्रारदाराला द्या, असं मात्र कुठंच म्हटलेलं नाही. सांगणारी आपण, सही आपली, पण कागद त्यांच्या कपाटात. उद्या त्यात काय आहे ते बघायचं तर पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहायचं.

कागद एकाच्याच हातात असला की काय होतं, हे बघायला आपल्याला लांब जायला नको. सोलापूर शहरात आजही 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे का? १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं गेलं. गुन्हा केला म्हणून नाही, त्या घरात जन्मला म्हणून. त्यांची रजिस्टरं झाली, बोटांचे ठसे घेतले गेले. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. माणसं गिरण्यांमध्ये कामाला जायची, परत यायची आणि हजेरी द्यायची. बायाही त्यात होत्या आणि पोरंही.

विचार करा. एक वही आहे. तिच्यात तुमचं नाव आहे. त्या नावापुढं काय लिहिलंय, हे तुम्हाला बघता येत नाही. ते खोटं आहे म्हणायचं तर कुणापुढं म्हणायचं? कोर्टाचा रस्ताही जवळजवळ बंदच होता. स्वातंत्र्य मिळाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कुंपण गेलं, पण वहीतली नावं आणि मनातला संशय तसाच मागं राहिला. आजही गावात चोरी झाली की पारधी वस्तीवर आधी गाडी येते. आपल्या गटांमधल्या काही मैत्रिणींना हे सांगायची गरज नाही, त्या भोगतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातिभेदाबद्दल निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की विमुक्त जमातींच्या माणसांना सवयीचे गुन्हेगार धरून मनमानी अटक करता येणार नाही.

सोलापूरचीच आणखी एक आठवण. मे १९३० मध्ये शहरात मोठा उठाव झाला, गोळीबार झाला, मग मार्शल लॉ लागला. त्या वेळी पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. सरकारी कागदात ते खुनी ठरले. सोलापूरनं त्यांना हुतात्मे मानलं आणि त्यांचे पुतळे उभे केले. म्हणजे सरकारी कागदात आहे तेच पूर्ण सत्य, असं नसतं. पण कागदात काय लिहिलंय हे कळल्याशिवाय त्याला उत्तर तरी कसं देणार?

स्वातंत्र्यानंतर कायदा हळूहळू बदलू लागला. १९५५ मध्ये आरोपीला हक्क मिळाला, की पोलिसांनी कोर्टात दिलेल्या कागदांच्या प्रती त्याला फुकट मिळाव्यात. हे बरोबरच होतं. आपल्यावर काय आरोप आहे, हे कळल्याशिवाय माणूस बचाव कसा करणार? पण जिच्यावर अन्याय झाला, जी तक्रार घेऊन आली, तिचा हात अजून रिकामाच होता.

तो भरला १९७३ मध्ये. त्या वर्षी नवी फौजदारी संहिता झाली आणि १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तिच्या १५४ व्या कलमात एक छोटी ओळ आली, की नोंदवलेल्या फिर्यादीची प्रत तक्रारदाराला लगेच आणि विनामूल्य द्यायची. १८६१ ते १९७३, म्हणजे ११२ वर्षं. एवढा काळ लागला आपल्याच बोलण्याची नक्कल आपल्या हाती यायला.

ही संहिता येण्याच्या जरा आधी, मार्च १९७२ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक गोष्ट घडली. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. एका गरीब आदिवासी मुलीला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं होतं. रात्री तिथंच पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची तक्रार झाली. तिच्या नावानं तो खटला देशभर ओळखला जातो, पण मी तिचं नाव घेणार नाही. का, ते पुढं सांगते. सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, असं निकालात म्हटलं होतं.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण कोर्टाचा निकाल हा उघड कागद असतो. कायदा शिकवणाऱ्या चौघांनी तो निकाल बारकाईनं वाचला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार अशी त्यांची नावं. सप्टेंबर १९७९ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ठाण्याच्या चार भिंतींत, वर्दीतल्या माणसांपुढं एक गरीब पोर गप्प राहिली, म्हणजे तिची संमती होती असं कसं धरता, हा त्यांचा सवाल होता. ते पत्र वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत गेलं. १९८० च्या महिला दिनी ठिकठिकाणी बाया रस्त्यावर आल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ठाण्यात, तुरुंगात, सरकारी ताब्यात असलेल्या बाईवरच्या अत्याचाराला वेगळी, कडक शिक्षा आली. अशा खटल्यात बाई संमती नव्हती असं सांगत असेल, तर कोर्टानं तिचं म्हणणं धरून चालायचं, असंही ठरलं. आणि अशा बाईची ओळख छापायची नाही, हेही त्याच कायद्यात आलं. म्हणून मी आज तिचं नाव घेतलं नाही.

बघा, चौघांनी एक कोर्टाचा कागद वाचला आणि देशाचा कायदा बदलला. तो निकाल कुणाच्या कपाटात बंद असता, तर हे घडलं असतं का?

आता कागद मागायच्या हक्काची दुसरी वाट. ती ठाण्यातून आली नाही, ती आली खडी फोडणाऱ्या बायांकडून. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या आज्यांना आठवत असेल. सोलापूर जिल्ह्यात हजारो बाया रस्त्यावर, तलावावर कामाला होत्या. मुकादम हजेरीपटावर लिहील तो पगार. राजस्थानातही हीच गत. तिथल्या मजूर बायाबापड्यांनी मजदूर किसान शक्ती संघटनेबरोबर म्हणायला सुरुवात केली, की आमच्या नावावर किती पैसे काढले ते दाखवा, हजेरीपट दाखवा. १९९६ मध्ये त्यांनी ब्यावर गावात ४० दिवस धरणं धरलं. इकडं महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी माहितीच्या कायद्यासाठी उपोषणं केली. २००२ चा महाराष्ट्राचा कायदा त्यातून आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून साऱ्या देशाला माहितीचा अधिकार मिळाला. ज्या हजेरीच्या वहीनं सेटलमेंटमधल्या माणसांना बांधून ठेवलं होतं, तसली वही आता लोक सरकारला उघडायला लावू लागले.

त्यानंतरच्या गोष्टी भराभर सांगते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात सांगितलं, की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर फिर्याद नोंदवावीच लागेल. त्याच वर्षी कायद्यात आलं, की बाईवरच्या अत्याचाराच्या ठरावीक गंभीर गुन्ह्यांची फिर्याद नोंदवली नाही, तर तो अधिकारी स्वतः शिक्षेला पात्र ठरतो. २०१६ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की फिर्याद नोंदवल्यापासून २४ तासांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची. लैंगिक अत्याचार, लहान मुलांवरचे अत्याचार अशा नाजूक गुन्ह्यांच्या फिर्यादी मात्र टाकायच्या नाहीत. आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यातल्या १७३ व्या कलमानं फिर्यादीची फुकट प्रत मिळायचा हक्क तक्रारदाराबरोबर पीडितेलाही दिला. म्हणजे तक्रार भावानं दिली असली, तरी मार खाल्लेल्या बहिणीलाही नक्कल मिळेल.

हा झाला इतिहास. आता तो चिंचोळीत कसा वापरायचा?

पहिली अडचण हद्दीची. चिंचोळी मोहोळ तालुक्यात येते, तिथं सोलापूर ग्रामीण पोलिसांची हद्द. सोलापूर शहरात 'एमआयडीसी पोलीस ठाणे' नावाचं ठाणं आहे खरं, पण ते अक्कलकोट रस्त्याकडच्या एमआयडीसीचं. नाव सारखं म्हणून बाया तिकडं जातात आणि 'आमची हद्द नाही' ऐकून परत येतात. आता परत यायचं कारण नाही. नव्या कायद्यानं गुन्हा कुठंही घडला तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. ते ठाणं ती पुढं योग्य ठाण्याकडं पाठवतं.

दुसरी अडचण, आपल्याला मिळालेला कागद कोणता हे न कळण्याची. ठाण्यात तीन तऱ्हेचे कागद होतात. आपण नुसता अर्ज दिला आणि शिक्का मारून पोच घेतली, तर तो फक्त अर्ज. किरकोळ भांडण, शिवीगाळ अशासाठी अदखलपात्र नोंद होते, तिला आपण एनसी म्हणतो. एनसीवर कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. आणि गंभीर गुन्हा असेल तर एफआयआर. तिच्यावर गुन्हा रजिस्टर नंबर असतो, वर्ष असतं, कलमं असतात. दात पडेपर्यंत मारलं आणि हातात एनसी दिली, तर समजायचं की काहीतरी चुकलंय. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीनं आधी प्राथमिक चौकशी करता येते, पण तीही १४ दिवसांत संपवावी लागते. 'चौकशी चालू आहे' हे उत्तर महिनोन् महिने देता येत नाही.

सही किंवा अंगठा देण्याआधी म्हणायचं, "साहेब, मला वाचून दाखवा." १८९८ पासून तो आपला हक्क आहे. तारीख, वेळ, जागा आणि मारणाऱ्याचं नाव बरोबर आहे ना, हत्यार वापरलं होतं तर ते लिहिलंय ना, हे ऐकायचं. चूक असेल तर सहीच्या आधी दुरुस्त करून घ्यायची. मग नक्कल घ्यायची. पैसे लागत नाहीत.

फिर्यादच घेतली नाही तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांकडं टपालानं पाठवायची. पावती जपून ठेवायची. त्यानंही काम झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. त्यासाठी वकील परवडत नाही म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही बाईला, तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात आहे. फोन नंबर १५१००.

फिर्याद झाली म्हणजे काम झालं, असंही नाही. नव्या कायद्यानं तपास कुठवर आला ते पोलिसांनी ९० दिवसांत तक्रारदाराला किंवा पीडितेला कळवायचं आहे. ते आलं नाही तर लेखी विचारायचं. तपास संपल्यावर दोनांपैकी एक गोष्ट होते. एक तर कोर्टात दोषारोपपत्र जातं, किंवा पोलीस समरी पाठवतात. आपल्या महाराष्ट्रात अ, ब आणि क अशा तीन समऱ्या आहेत. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ती अ. तक्रार खोटी, ती ब. गैरसमजातून झाली किंवा दिवाणी वाद आहे, ती क. ब समरी झाली की बाई खोटारडी ठरते आणि कधी कधी तिच्यावरच कारवाई होऊ शकते. म्हणून १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की प्रकरण बंद करण्याआधी कोर्टानं तक्रारदाराला नोटीस देऊन तिचं ऐकायचं. अशी नोटीस आली तर घडी घालून देव्हाऱ्यात ठेवायची नाही. त्याच दिवशी वकिलाकडं जायचं.

दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मिळतेच. नव्या कायद्यानं पीडितेलाही ती फुकट मिळते, पण तिच्या बाजूनं वकील उभा असेल तर. आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून १४ दिवसांत. म्हणजे विधी सेवेचा फुकट वकील घेतला, तर हा कागदही फुकट हातात येतो. मात्र बाहेरच्या कुणालाही तो असाच मिळत नाही. दोषारोपपत्रं संकेतस्थळावर सगळ्यांसाठी टाकावीत, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये मान्य केली नाही. साक्षीदारांचे आणि पीडितांचे जबाब त्यात असतात, हेही लक्षात घ्यायला हवं.

कोर्टातल्या कागदाची वाट वेगळी आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की कोर्टातल्या खटल्याची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात न मागता कोर्टाच्या नियमांनुसार मागायची. तिथं नक्कल विभाग असतो. खटल्याचा नंबर लिहून अर्ज करायचा, ठरलेली फी भरायची, की सही-शिक्क्याची नक्कल मिळते. पक्षकाराला ती सहज मिळते. तिऱ्हाईत असाल तर कशासाठी हवी ते लिहावं लागतं आणि न्यायाधीश परवानगी देतात. तारखेला काय झालं ते रोजनाम्यात असतं. वकील म्हणाला "पुढची तारीख पडली", तर रोजनामा सांगतो का पडली. ई-कोर्टाच्या मोबाइल ॲपवर खटल्याचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख फुकट दिसते. गटातली शिकलेली मुलगी हे दोन मिनिटांत काढून देईल. शिवाय घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कोर्टानं हुकूम दिला, तर त्याची प्रत बाईला फुकट द्यायचीच असते.

मग माहितीचा अधिकार कशासाठी? तर आपण दिलेल्या अर्जावर काय कारवाई झाली, कोणत्या तारखेला कुणाकडं पाठवला, हे विचारण्यासाठी. अर्ज असा लिहायचा:

"प्रति, जन माहिती अधिकारी, मोहोळ पोलीस ठाणे. मी अमुक तारखेला दिलेल्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कारवाईच्या नोंदींच्या साक्षांकित प्रती आणि त्या अर्जासंबंधीच्या पत्रव्यवहाराच्या प्रती मिळाव्यात."

शेवटी नाव, पत्ता, सही आणि १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ही फी लागत नाही, कार्डाची प्रत जोडायची. एका अर्जात एकच विषय ठेवायचा आणि तो दीडशे शब्दांच्या आत बसवायचा. चुकीच्या कचेरीत गेला तरी त्यांनीच पाच दिवसांत पुढं पाठवायचा आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं अपील. "तपास चालू आहे" एवढं म्हणून माहिती नाकारली, तर विचारायचं, की ही माहिती दिल्यानं तपासात अडथळा कसा येईल ते लिहून द्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्येच म्हटलंय, की नुसता तपास चालू असणं हे कारण पुरत नाही.

हे सगळं करायचं कशासाठी, तर कागदावर पोटाची भाकर अवलंबून असते. महामार्गावरच्या अपघातात कमावतं माणूस गेलं, तर भरपाईच्या दाव्याला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. दाव्याला फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दशक्रिया, वर्षश्राद्ध उरकून मग बघू म्हटलं, तर मुदत निघून जाते. कारखान्यातल्या अपघाताचंही तसंच. १८ मे २०२५ रोजी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. अशा वेळी कागद एका ठिकाणी नसतो. पोलिसांकडं एक, अग्निशमन दलाकडं एक, कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत एक. ती प्रत्येक कचेरी सरकारी आहे आणि प्रत्येक ठिकाणी आपल्याला मागता येतं. पण मागावं लागतं. आपणहून कुणी घरी आणून देत नाही.

मैत्रिणींनो, बचत गटात आपण दहा रुपयांचा हिशेबही वहीत लिहितो. सही केल्याशिवाय कर्ज देत नाही आणि पासबुक दुसऱ्याकडं ठेवत नाही. मग आपल्या अन्यायाचा कागद तेवढा दुसऱ्याच्या कपाटात का ठेवायचा?

येत्या बैठकीत एक काम करा. ज्यांच्या घरी पोलिसाचा, कोर्टाचा कसलाही कागद आहे, त्यांनी तो घेऊन या. एफआयआर आहे, एनसी आहे की नुसता अर्ज, हे मिळून वाचा. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा. कुणाचं प्रकरण, नंबर काय, पुढची तारीख कोणती, नक्कल आहे की नाही, असं लिहा. लेकीबाळींच्या नाजूक प्रकरणांची नावं मात्र त्या पानावर लिहायची नाहीत. ते कागद तिच्याकडंच राहू द्या. आणि पुढच्या वेळी गटातली कुणी ठाण्यात निघाली, तर तिच्याबरोबर एकीनं जायचं. दोघींनी मिळून ऐकायचं, दोघींनी मिळून वाचून घ्यायचं आणि नक्कल हातात पडल्यावरच ठाण्याची पायरी उतरायची.

आजच्यापुरतं एवढंच. पुन्हा भेटू या. नमस्कार.